गवताचे राज्य आणि शिवणीची सावली

स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा, असे संपादिकाबाईंनी मला सुचविले. त्यांच्या मनात बहुधा आपल्या भागातील जुने देऊळ किंवा मंडळाची स्थापना असा विषय असावा. आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकविल्यामुळे हे काम माझ्याकडे येणार, हे मीही धरून चालले होते. म्हणून मंडळाच्या कपाटातील इतिवृत्ताच्या वह्या घरी आणल्या आणि दुपारची जेवणे आटोपल्यावर चाळीत बसले. 2019 सालच्या वहीत एक नोंद सापडली. त्या वर्षी मी चिटणीस होते, त्यामुळे अक्षर माझेच होते. नोंद अशी: "टेकडीवरील वृक्षारोपण आगीत नष्ट झाले. गुरे चारण्यास मज्जाव केल्याच्या रागातून हे कृत्य झाले असावे, असे सभेचे मत पडले."

ती नोंद वाचून मी वही मिटली. मंडळाचा इतिहास लिहिण्याचे त्या दिवशी राहून गेले. त्याऐवजी आज मी इतिहास सांगणार आहे तो एका दूरच्या देशातील गवताचा. तो का सांगते, हे शेवटी आपोआप ध्यानात येईल.

जुन्या सभासदांना आठवत असेल, 2017 च्या जुलैत आपण वसाहतीमागच्या टेकडीवर 240 रोपे लावली. कडुनिंब, करंज, बहावा, आवळा, चिंच अशी सगळी आपल्या ओळखीची झाडे. रोपांना नारळ वाढविले, फोटो निघाले, सर्वांना मसालेभात मिळाला. रोपे गुरांनी खाऊ नयेत म्हणून टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या बाबांना आपण येण्यास बंदी केली. पहिल्याच पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढले. रोप कुठे आहे ते काठीने गवत बाजूला सारून शोधावे लागे. दिवाळीनंतर ते सगळे गवत वाळून सोनेरी झाले, आणि आपण त्याचे कौतुकच केले! दुसऱ्या पावसाळ्यात ते आणखी दाट झाले. 2019 च्या फेब्रुवारीत एका दुपारी अर्ध्या तासात सारी टेकडी काळी झाली. आपला समज असा की, झाडांचे शत्रू म्हणजे गुरे आणि कुऱ्हाड. गवत हाही शत्रू असू शकतो, हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याइतकाही नाही. त्याच्या वायव्य कोपऱ्यात ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. हे नाव पडले एका झाडावरून. कानाच्या आकाराच्या शेंगा येणारे हे प्रचंड झाड कोस्टा रिकाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. या प्रांताच्या पश्चिम भागातले हवामान आपल्याला परके वाटणार नाही. तिथे सहा महिने पाऊस आणि सहा महिने कोरडे. डिसेंबर ते मे या काळात झाडे पाने गाळतात, नाले आटतात आणि वारा जोराचा वाहतो. आपल्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील पानगळीच्या रानाचे हे दूरचे भावंडच म्हणावे लागेल.

सोळाव्या शतकात तिथे स्पॅनिश लोक आले आणि त्यांच्याबरोबर गुरेढोरे आली. रान तोडून, जाळून चराऊ कुरणे झाली. सान्ता रोसा नावाचा एक जुना, मोठा गोठा-वाडा तिथे आहे. 20 मार्च 1856 रोजी कोस्टा रिकाच्या फौजेने विल्यम वॉकर या अमेरिकन साहसवीराच्या भाडोत्री सैनिकांचा याच ठिकाणी पराभव केला. त्यामुळे आपल्याकडे प्रतापगडाला जो मान, तसा काहीसा मान त्या देशात या वाड्याला आहे. या ऐतिहासिक महत्त्वामुळेच 1971 साली सान्ता रोसाचे राष्ट्रीय उद्यान झाले. रणभूमी राखावयाची म्हणून रान राखले गेले, अशी ही गोष्ट.

आता त्या गवताकडे वळू. त्याचे नाव हारागुआ. मूळचे ते आफ्रिकेचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतील गुरेवाल्यांनी चांगला चारा म्हणून ते आणून पेरले. आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गवत जोमाने वाढते, माणसाहून उंच होते, आणि वाळले की पेटावयास एक ठिणगी पुरे. कोवळा चारा मिळावा म्हणून गुरेवाले दर उन्हाळ्यात कुरण पेटवीत. ती आग कुरणाच्या कडेला थांबत नसे. रानाच्या कडेची झाडे होरपळत, त्यांच्या जागी पुढच्या पावसात गवत येई, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आग तेवढी आत सरके. अशा रीतीने वर्षाला थोडेथोडे रान मागे हटत गेले. कुऱ्हाड न लावता जंगल संपत होते.

गवत जिंकते कसे, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे पुढचे सगळे समजते. एक तर गवताची मुळे मातीच्या वरच्या थरात दाट जाळे विणतात. पावसाचे पाणी खाली उतरण्याआधी ती पिऊन टाकतात, आणि लहानग्या रोपाच्या वाट्याला उरलेसुरले येते. दुसरे म्हणजे उंच गवतात रोपाला ऊन मिळत नाही. तिसरे, झाडाचे बी वरून पडले तरी वाळल्या काडीत अडकते. मातीपर्यंत पोचले तर उंदीर खातात, कारण उंदरांना लपावयास गवतासारखी जागा नाही. परंतु ही तिन्ही संकटे एक वेळ रोप सोशील. चौथे संकट आगीचे. गवताचा जीव मुळाशी असतो. वरचे सारे जळाले तरी पहिल्या पावसाला ते पुन्हा फुटते. रोपट्याचा जीव शेंड्याशी असतो; तो जळाला की त्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो, आणि दोनतीनदा असे झाले की ते कायमचे जाते. म्हणजे आग लागली की ती गवताला सोडते आणि झाडाला मारते. गवत आगीला आणते, आग गवताला वाढविते. सासू-सुनेचे एकमत झाले तर घरात इतरांचे जसे काही चालत नाही, तसे या दोघांपुढे रानाचे काही चालेना.

उद्यान झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी, आपण केले तेच, अगदी आपल्याच बुद्धीने केले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी उद्यानातील गुरे बाहेर काढली. राष्ट्रीय उद्यानात गुरांचे काय काम? हे वाचले तेव्हा मी चष्मा पुसून तो परिच्छेद पुन्हा वाचला. गुरे गेली आणि हारागुआ गवत पुरुषभर उंच माजले. पूर्वी गुरांनी खाऊन तुडविलेल्या कुरणात आग लागे ती बेताची असे. आता ज्वाळा झाडांच्या शेंड्यांना भिडू लागल्या, आणि रानाचे उरलेसुरले तुकडेही जळू लागले.

डॅनियल जॅन्झन नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ या रानात वर्षानुवर्षे किड्यामुंग्यांचा अभ्यास करीत होते. आपण ज्याचा अभ्यास करतो ते डोळ्यांदेखत जळून चालले आहे, हे त्यांना व त्यांच्या सहकारी आणि पत्नी विनी हॉलवॅक्स यांना दिसत होते. 1985 साली या दोघांनी एक योजना मांडली. सान्ता रोसाचा तुकडा तेवढा न राखता, भोवतालची मोडकळीस आलेली कुरणे विकत घ्यावी आणि समुद्रकिनाऱ्यापासून ज्वालामुखीच्या डोंगरांपर्यंत सलग रान पुन्हा उभे करावे, अशी ती योजना. पैशासाठी दोघांनी गावोगाव, देशोदेशी व्याख्याने दिली. देशाच्या परकीय कर्जाचे रोखे कमी भावात विकत घेऊन, त्या बदल्यात सरकारने रानासाठी स्थानिक चलनात रक्कम द्यावयाची, असाही एक व्यवहार झाला आणि त्यात स्वीडनने मोठा वाटा उचलला.

सामान्य माणसाला वाटेल, आता लाखो रोपे लावली असतील. तसे झाले नाही. आग थांबविली तर रान स्वतःच परत येते, आणि ते सर्वांत स्वस्त पडते, असे त्यांना दिसून आले. म्हणून पहिला खर्च झाला तो आग राखणाऱ्या माणसांवर. त्या भागात वीज पडून आग लागत नाही, प्रत्येक आग माणसाच्या हातून लागते. तेव्हा ती माणसाच्याच हातून थांबू शकते. यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणले नाहीत. त्याच मुलखातील माणसे, ज्यांना वाऱ्याची दिशा आणि प्रत्येक पायवाट ठाऊक, तीच नेमली. ज्यांच्या बापजाद्यांनी कुरणे पेटविली, तेच आता रात्रीबेरात्री आग विझवू लागले.

दुसरे काम गवत उतरविण्याचे. त्यासाठी काय आणले असेल? गुरे! बाहेर काढलेली गुरे पुन्हा आत घेतली. आसपासच्या गुरेवाल्यांची हजारो जनावरे पहिली काही वर्षे मुद्दाम चरावयास सोडली. गुरांचा ओढा गवताकडे अधिक. ती गवत खाऊन, तुडवून आखूड ठेवीत. आग लागली तरी ती हाताने विझविता येण्याजोगी राही, आणि मधल्या काळात रोपे डोके वर काढीत. शिवाय घोडी आणि गुरे ग्वानाकास्तेच्या शेंगा खाऊन त्याचे बी शेणालिदेतून जागोजाग टाकीत. रोपे मोठी होऊन सावली पडू लागली, तेव्हा जनावरांचे काम संपले. तोवर तीच त्या रानाची गवतकापणी करणारी मजूर होती.

मग रान कोणत्या क्रमाने परत आले? आधी वाऱ्यावर उडणाऱ्या बियांची झाडे आली, तीही जिथे जुनी झाडे उभी होती त्यांच्या वाऱ्याकडच्या खालच्या बाजूला. त्यांत आपल्या सोनसावरीची एक अमेरिकन बहीण आहे. तशीच पिवळीधमक फुले, तसाच कापूस. महोगनीही वाऱ्यावर येते. पुढे कुरणात एकटेच उभे राहिलेल्या मोठ्या झाडांवर पाखरे आणि वटवाघळे बसू लागली. त्यांच्या विष्ठेतून फळझाडांचे बी त्या झाडाखाली पडले. अशी बेटे वाढत वाढत एकमेकांस मिळाली. हारागुआला ऊन लागते. डोक्यावर पानांचे छत जुळले, की ते गवत न उपटता, न जाळता आपोआप मरते. त्याला मारावयाचे शस्त्र एकच, ते म्हणजे सावली.

पण हा उपाय कोरड्या भागातला. योजनेच्या पूर्वेकडील भागात बारमाही पाऊस पडतो. तिथे आग लागत नाही, पण रानही परत येईना. तिथल्या झाडांचे बी मुख्यतः पशुपक्षी वाहून नेतात, आणि दाट रानातले हे पशुपक्षी उघड्या कुरणात पाऊल टाकीत नाहीत. कुरण नुसते हिरवे पडून राहिले. इथे मात्र झाडे लावणे भाग होते. कोणती लावली, ते वाचून मला फार गंमत वाटली. ती आपली शिवण होती!

होय, तीच शिवण, जिला वैद्यलोक गंभारी म्हणतात. बाळंतिणीला जे दशमुळारिष्ट देतात, त्यातील दहा मुळांपैकी एक मूळ हिचे. आपल्या सह्याद्रीच्या रानात उन्हाळ्यात पिवळसर तपकिरी फुलांनी ती ओळखू येते. झपाट्याने वाढते म्हणून कोस्टा रिकातील लोक लाकडासाठी तिची लागवड करतात. जॅन्झन यांच्या ध्यानात आले की, लागवडीखालची साफसफाई केली नाही, तर तीनचार वर्षांत शिवणीची मोठाली पाने एकमेकांस भिडतात आणि खालचे गवत जाते. गवत गेले की पाखरे, वटवाघळे, लहान जनावरे सावलीत येतात, रानाचे बी आणून टाकतात, आणि सातआठ वर्षांत शिवणीखाली मूळच्या रानाची रोपे दाटीने उभी राहतात. शिवणीचे स्वतःचे रोप मात्र दाट सावलीत वाढत नाही. त्याला भरपूर ऊन लागते. म्हणजे ती पाहुणी तिथे कायमची ठाण मांडून बसत नाही. गवताला घालवून, घर मूळच्या माणसांच्या हाती देऊन ती निघून जाते. एक आफ्रिकेचे गवत आणि एक आशियाचे झाड, दोन्ही परकीच. पण एकाने घर बळकावले, दुसऱ्याने ते सोडवून दिले. परके म्हणून वाईट आणि आपले म्हणून चांगले, असे सरसकट म्हणता येत नाही, हे मला इथे पटले.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. शेजारच्या संत्र्यांच्या रसाच्या कारखान्याला सालीचे काय करावे हा प्रश्न होता. 1998 साली रानाच्या व्यवस्थापनाने सुमारे 12,000 टन साल, म्हणजे हजारेक ट्रकभर, तीन हेक्टर पडीक कुरणावर ओतू दिली. त्या थराखाली गवत गुदमरून मेले. माशांच्या अळ्यांनी साल खाऊन तिची काळी माती केली. मात्र एका प्रतिस्पर्धी कंपनीने, ही घाण केली म्हणून दावा लावला आणि न्यायालयाच्या निकालाने प्रयोग बंद पडला. पुढे पंधरा वर्षे तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. 2013 साली एक तरुण संशोधक ती जागा पाहावयास गेला तर त्याला ती ओळखूच येईना, इतकी झाडी माजली होती. रस्त्यापलीकडच्या साल न टाकलेल्या कुरणाशी मोजून पाहिले, तेव्हा लाकूडभार 176 टक्क्यांनी जास्त भरला. घरात रोज भाजीची देठे, साली आणि नारळाच्या शेंड्या बाहेर टाकणाऱ्या आपण बायकांना यात काही नवल वाटू नये; पण मला तरी ते वाटले.

एवढे यश आले तरी सगळे गोड झाले असे नाही. 2001 सालच्या मे महिन्यात सान्ता रोसाचा तो ऐतिहासिक वाडा जळाला. शिकारीला बंदी झाल्याने चिडलेल्यांनी आग लावल्याचे निष्पन्न झाले. वर्गणी गोळा करून लोकांनी तो 2002 साली पुन्हा बांधला. रान राखणे म्हणजे माणसे राखणे, हे तिथल्या मंडळींना आधीपासून ठाऊक होते. म्हणूनच भोवतालच्या गावांतील चौथी ते सहावीच्या मुलांना रानात नेऊन शिकविण्याचा परिपाठ त्यांनी कित्येक वर्षे चालविला. 1999 साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आता सुमारे 1,20,000 हेक्टर जमीन आणि 43,000 हेक्टर समुद्र आहे. जिथे माणसाहून उंच गवत होते, तिथे आज सावलीत चालता येते.

आता आपल्या टेकडीकडे येऊ. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या टेकडीवरचे कुसळीचे गवत परके नाही, ते इथलेच. महाराष्ट्रातील कोरडी माळराने ही उजाड पडलेली जंगले नव्हेत. माळढोकासारख्या पाखरांची ती हक्काची घरे आहेत. गवत दिसले की झाड लाव, हा उत्साह तिथे नको. आपल्या टेकडीवर मात्र पायथ्याच्या ओढ्याकाठी पूर्वी झाडी होती, हे जुनी माणसे सांगतात. म्हणून 2022 च्या पावसाळ्यात आपण फक्त त्या काठावर 60 रोपे लावली.

या वेळी रीत बदलली. प्रत्येक रोपाभोवती हातभर आळे मोकळे केले. कापलेले गवत तिथेच आळ्यात जाड अंथरले. खाली जुने पुठ्ठे घातले, म्हणजे नवे गवत फुटत नाही आणि ओल राहते. गवताला बी धरण्याआधी, भाद्रपदात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, विळ्याने फेरी केली. दिवाळीनंतर कडेने जाळरेषा साफ केली. मधे चार शिवणी लावल्या, हे वेगळे सांगावयास नको. पहिली तीन वर्षे हे काम करावेच लागते. रोप लावणे हे एका सकाळचे काम. गवतापासून त्याला सांभाळणे हा खरा संसार.

राहिली गोष्ट गुरांची. 2019 च्या त्या नोंदीनंतर दोन महिन्यांनी कळले होते की, आग लागली त्या दुपारी पायथ्याशी आपल्याच वसाहतीचा पालापाचोळा पेटविला होता आणि वारा टेकडीकडे होता. हे मला कळले, आणखी दोघीतिघींना कळले. पण वहीत दुरुस्ती कोणी केली नाही. मीही केली नाही. गुराखीबाबांना त्या सभेचे मत त्यांच्या सुनेच्या कानावरून समजले होते. ते आपल्या गल्लीने जाणेच सोडून गेले.

2022 साली रोपे लावण्यापूर्वी मी आणि आपल्या अध्यक्षाबाई त्यांच्या घरी गेलो. मी जे लिहिले होते ते त्यांना सांगितले आणि ते खोटे होते हेही सांगितले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, गुरं असती तर गवत एवढं वाढलंच नसतं. मी तवाच सांगनार होतो, पर इचारलं कुनी?" चहा मात्र त्यांनी आम्हांला पाजला. आता श्रावणापासून त्यांची गुरे वरच्या उतारावर चरतात. खालच्या रोपांना बाभळीच्या काट्यांचे कुंपण आहे, आणि ते कसे घालावयाचे हे बाबांनीच दाखविले. 60 पैकी 41 रोपे आज जिवंत आहेत. त्यांतील दोन शिवणींची सावली आता बसण्याइतकी झाली आहे.

इतिवृत्ताची ती वही आता माझ्यापुढे आहे. जुनी नोंद खोडण्याचा अधिकार मला नाही, आणि इतिहास शिकविणाऱ्या बाईने तसे करूही नये. परंतु समासात तारीख घालून खरे काय ते मी लिहिले आहे आणि खाली सही केली आहे. येत्या सभेत अध्यक्षाबाईंनी ते वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. त्या सभेला बाबांनाही बोलवावे.